काकूंचं पहिलं ‘नको’

परवा इथे, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातच एका नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. किचनच्या लांबलचक ओट्यावर ॲल्युमिनियमचे ट्रे मांडलेले, शेजारी कागदी ताटल्यांची चळत. यजमानीणबाई लांबूनच म्हणाल्या, लाजू नका हं, हवं ते घ्या. एवढं म्हणून त्या फोटो काढायला गेल्या. मी एक पुरी घेतली, चमचाभर श्रीखंड घेतलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. दुसरी पुरी हवी होती. पण उठून, रांगेत उभं राहून, सगळ्यांदेखत स्वतःच्या ताटात दुसरी पुरी घालून घ्यायची हे मला आजतागायत जमलेलं नाही. नवरा म्हणतो, पुण्याच्या बाईला हे शोभत नाही. पुण्याच्या आग्रहावरचे सगळे विनोद मला पाठ आहेत आणि त्यातले निम्मे खरे आहेत. पण ही खोड मला पुण्याने लावली नाही, काकूंनी लावली.

काकू आमच्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की गावात एक जुनं मराठी जोडपं आहे, नव्या माणसांना जेवायला बोलावतं. दोघंही अकोल्याचे; काका इंजिनियर, शिकायला म्हणून आले ते राहिलेच. काकू इथल्या लायब्ररीत कामाला होत्या. मी तेव्हा घरात बसून नुसती पाइनची झाडं बघत असे. व्हिसा असा, की नोकरी करायची नाही, गाडी चालवता येत नाही, आणि नवरा दिवसभर रिसर्च पार्कातल्या ऑफिसात. त्यामुळे जेवायला बोलावलंय म्हटल्यावर मी सकाळपासूनच तयार होऊन बसले होते.

पाटवड्यांचा रस्सा होता, गोळाभात होता, आणि पुरणपोळी. मी एक पोळी खाल्ली. काकू दुसरी घेऊन आल्या, मी नको म्हटलं. त्या तशाच उभ्या. मी पुन्हा नको म्हटलं, हात ताटावर आडवा धरला. त्यांनी हाताच्या कडेने पोळी ताटात सरकवली आणि वर तुपाची वाटी उपडी केली. मला रडूच आलं. पोटाला तड लागली म्हणून नाही. घर सोडून आल्यापासून माझ्या ‘नको’कडे कुणी इतकं सरळ दुर्लक्ष केलं नव्हतं, म्हणून.

काका हसून म्हणाले, "पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं. पोटाचं असतं ते तिसरं. तोवर ही हलायची नाही."

हा त्या घरचा कायदाच होता. तो दोन्हीकडून चाले. काकू स्वतः कुणाकडे गेल्या, की पाणीसुद्धा पहिल्या फटक्यात घेत नसत. घसा कोरडा पडलेला असला तरी आधी नको, मग कशाला त्रास, आणि मग पेला हातात घेऊन गटागट संपवायच्या. आमच्याकडे आल्या की मी मुद्दाम एकदाच विचारून गंमत बघायची. त्या माझ्याकडे अशा नजरेने बघत, की मी मुकाट्याने चहा टाकायला उठे. लायब्ररीत मात्र त्या पक्क्या अमेरिकन होत्या. तिथे हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. घरी आल्या की हे सगळं चपलांबरोबर दाराशी काढून ठेवायच्या.

पुढे मला नोकरी लागली, मुलं झाली, ती काकूंच्या किचनमध्ये रांगली. काका रिटायर झाले, नंतर काकूही. आणि एका थंडीत काका गेले. काकूंचा मुलगा टेक्सासमधल्या प्लेनोहून आला. तो तिकडे एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. जन्म इथलाच, मराठी समजतं, बोलताना इंग्लिशवर घसरतो, पण आईला ‘आई’च म्हणतो. त्याने सगळं नीट केलं. निघताना आईला म्हणाला, आमच्याकडे राहायला चल. काकू नको म्हणाल्या. तो गेला.

आमच्या मंडळींत काकूंच्या त्या नकाराचं केवढं कौतुक झालं. काकू काय खमक्या बाई आहेत, मुलाच्या दारात गेल्या नाहीत, एवढ्या मोठ्या घरात एकट्या राहतात. मीही सांगत सुटले होते. त्यात माझा स्वार्थ होता हे उघड आहे. काकू प्लेनोला गेल्या असत्या तर मी रविवारी सकाळी जाणार कुणाकडे?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची गोष्ट. काकूंनी घरामागच्या लाकडी डेकवर सांडगे वाळत घातले होते. दुपारी आभाळ भरून आलं, म्हणून त्या ट्रे आत घ्यायला गेल्या आणि पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्यांना गाडीत चढवत होते आणि त्या मला सांगत होत्या, सांडगे आधी आत घे.

ऑपरेशन चांगलं झालं. मुलगा विमानाने आला, ऑपरेशन होईपर्यंत थांबला, मग त्याला परत जावं लागलं. दर वीकेंडला येतो म्हणाला. मी घरूनच काम करत असल्याने लॅपटॉप घेऊन काकूंच्या खोलीत बसू लागले. आमची माणसं डबे घेऊन यायची. कुणी मऊ भात आणायचं, कुणी मुगाचं कढण, आणि येणारा प्रत्येकजण सांगायचा, काकू, अजिबात उठू नका, नुसतं पडून राहा. आजारी माणसाने पडून राहायचं असतं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. इथल्या डॉक्टरांचं नेमकं उलटं असतं. हाड बसवलं की दुसऱ्या दिवशी उभं राहा. नाही राहिलात तर पाय राहतात आणि माणूस जातो.

हॉस्पिटलमधली केस मॅनेजर, म्हणजे पेशंटला इथून पुढे कुठे पाठवायचं ते ठरवणारी बाई, मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, की काकूंना एकदम घरी सोडता येणार नाही. आधी नर्सिंग फॅसिलिटीत जावं लागेल. तिथे नर्सेस असतात, रोज व्यायाम करून घेतात, माणूस चालता झाला की घरी. आमच्या मंडळींत त्याला सगळे सरसकट रिहॅब म्हणतात. पण तिथे पाठवायचं तर इन्शुरन्सने हो म्हणायला हवं, आणि इन्शुरन्सवाले बघतात, की पेशंट व्यायामाला तयार आहे का.

मी म्हटलं, काकू? तयार? त्यांना थांबवायला माणूस लागेल.

आणि चार-पाच दिवसांनी तीच बाई खोलीत आली, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, की इन्शुरन्सने नाकारलं आहे. व्यायाम करून घेणारा थेरपिस्ट रोज सकाळी जातो आणि पेशंट रोज नाही म्हणते. जी उठायलाच तयार नाही, तिला रिहॅबचा काय उपयोग? आता एक तर चोवीस तासांची बाई ठेवून घरी न्या, नाही तर कायमच्या सांभाळाची एखादी जागा बघा. त्या दुसऱ्या प्रकारच्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथे माणसं खिडकीशी बसवलेली असतात आणि खिडकीतून पार्किंग दिसतं. काकू तिथे गेल्या असत्या तर पुन्हा कधीच कुणाला वाढायला उभ्या राहिल्या नसत्या.

मुलाला फोन लावला. त्याने इन्शुरन्सचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "शी इज अ‍ॅन अ‍ॅडल्ट. तिला नको असेल, तर आपण फोर्स नाही करू शकत."

मला इतका संताप आला, की फोन ठेवताना बाय म्हटलं नाही. मुलाचा आला, इन्शुरन्सचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकूंचा आला. एवढी उभी हयात दुसऱ्यांना उठवण्यात घालवलेली बाई आता स्वतः हात-पाय गाळून बसते म्हणजे काय? रात्रभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

थेरपिस्ट यायचा तेव्हा नेमकी माझी रोजची मीटिंग असे, आणि मी हेडफोन लावून कॉरिडॉरमध्ये जात असे. दुसऱ्या दिवशी मी मीटिंग कॅन्सल केली आणि सकाळीच जाऊन बसले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला टिकली. हॉस्पिटलच्या झग्यावर स्वतःचा निळा स्वेटर. पांघरुणाखालून पाय बाहेर काढलेले, आणि पायांत मोजे आणि बूट. मी विचारलं, बूट कुणी घातले? म्हणाल्या, नर्सकडून रोज घालून घेते, तो चालवायला येतो ना.

तेवढ्यात तो आला. उंच, धिप्पाड, लाल दाढीचा, आवाज मात्र मऊ. दारातूनच म्हणाला, गुड मॉर्निंग मॅम, आज थोडं उठून चालायला आवडेल का?

काकू प्रसन्न हसल्या. "नो नो, यू सी अदर पेशंट्स फर्स्ट. आय अ‍ॅम ओके."

नक्की ना, असं त्याने विचारलं, पण एक पाय दाराबाहेर टाकूनच. काकू म्हणाल्या, हो हो, कशाला उगाच त्रास. तो बरं म्हणाला, पेशंटचा मान राखायचा असतो तशी मान लववली, आणि गेला. झालं. मिनिटभराचा मामला.

काकू दाराकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून चिडून म्हणाल्या, "गेला बघ. रोज असंच करतो. विचारायचं म्हणून विचारतो. मनापासून उठवायचं असतं, तर असा गेला असता का?"

मी आधी हसले. मग मला कळलं आणि हसू थांबलं. त्या बाई रोज सकाळी केस विंचरून, बूट घालून, तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसल्या होत्या. लायब्ररीत तीस-एक वर्षं काढलेली बाई. पण हाड मोडलं, गुंगीची औषधं पोटात गेली, आणि दाराशी काढून ठेवलेलं ते दुसरं वागणं तिथेच राहिलं. उरली ती अकोल्याची मुलगी, कुणी आपल्यासाठी कष्ट घेतो म्हटल्यावर लगेच हो म्हणणं जिला बरं दिसत नाही.

मी कॉरिडॉरमध्ये धावत गेले. त्या थेरपिस्टला मी जे काही सांगितलं ते आठवून आजही कान गरम होतात. पुरणपोळी, तूप, ताटावर आडवा धरलेला हात, सगळं सांगितलं, तेही हातवारे करून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की त्याची आजी डोंगराकडच्या एका खेड्यात राहायची, तिच्या टेबलावरूनही दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतल्याशिवाय कुणाला उठता येत नसे. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. फक्त त्याची अडचण अशी होती, की पेशंट नाही म्हणाला, की त्याला तसं लिहून पुढे जावं लागतं, तिथे उभं राहून आग्रह करायला वेळ कुठला?

मग मी म्हटलं, विचारूच नका. आमच्याकडे पान वाढून झालं आणि हाक मारली, की कुणी नको म्हणत नाही. तो अन्नाचा अपमान होतो. तुम्ही वॉकर आणा, त्यांच्यापुढे ठेवा, आणि तयार आहे म्हणा.

दुपारी तो आला. वॉकर पलंगाशी लावला, काकूंच्या कमरेला पट्टा बांधायला हातात घेतला आणि म्हणाला, मॅम, सगळं तयार आहे, तुमचीच वाट बघतोय. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीच माहीत नसल्यासारखी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्या म्हणाल्या, अरे, एवढं केलंस तर मग... आणि पाय खाली सोडले. दुखत होतं, दिसत होतं. ओठ घट्ट मिटून त्या दारापर्यंत गेल्या, आणि दारात थांबून त्यालाच विचारलं, तू जेवलास का?

पुढचं सगळं फोनवर झालं. डॉक्टर इन्शुरन्सच्या डॉक्टरशी बोलले, नवीन नोंदी पाठवल्या, आणि इन्शुरन्सने होकार दिला. केस मॅनेजरने दिलेल्या नावांपैकी तीन जागा मी बघून आले. एकीत शिरल्याशिरल्या फिनेलखाली दडपलेला दुसराच वास आला, तिथून तशीच मागे फिरले. दुसरी इतकी चकचकीत होती, की तिथे आजारी पडायची भीती वाटावी. तिसरीच्या स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, दही-भात ना, त्यात काय अवघड आहे? मी तीच घेतली.

न्यायचा दिवस मला लख्ख आठवतो. हॉस्पिटलची माणसं पेशंटला सोडताना त्याचं सगळं सामान एका पारदर्शक पिशवीत घालून देतात. काकूंच्या त्या पिशवीत पडल्या दिवशीची सुती साडी होती, चष्मा, जपाची माळ, आणि एकच चप्पल. एवढंच का, असं त्या दोनदा म्हणाल्या. व्हीलचेअरसकट आत घेणारी व्हॅन आली. ड्रायव्हर एक पोक्त गृहस्थ होते, त्यांनी चाकांना पट्टे बांधले, काकूंना दोनदा विचारलं, की घट्ट तर नाही ना. मी मागे काकूंच्या शेजारच्या सीटवर बसले. कुणीतरी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. काकूंनी गाडी सुटायच्या आत ड्रायव्हरला लाडू देऊ केला. ते म्हणाले, थँक यू मॅम, आय अ‍ॅम गुड. काकूंनी हात पुढेच ठेवला. ते हसून नको म्हणाले. हात तिथेच. शेवटी त्यांनी लाडू घेतला आणि सिग्नलला थांबल्यावर खाल्ला. मला म्हणाले, हे कशाचं असतं?

रस्ता काकूंच्या घरावरून जात नव्हता, पण त्यांच्या वळणावरून जात होता. पाइनच्या झाडांमधून त्यांची गल्ली दिसली. मला वाटलं आता त्या रडतील. त्या मान वळवून बघत राहिल्या, वळण मागे पडलं, आणि म्हणाल्या, घरी तरी कोण वाट बघतंय म्हणा. मी म्हटलं, काकू, असं काय बोलता, चालायला लागलात की सरळ घरी. त्या बरं म्हणाल्या. मनाची समजूत घालतायत, असं मी धरून चालले.

रिहॅबमधल्या खोलीत पलंगासमोर भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर पेशंटविषयी नर्सेसना माहीत हवं ते लिहायचं. आधीच्या पेशंटचं पुसट राहिलं होतं, की तिला रेडिओ आवडतो. मी ते पुसलं आणि मोठ्या अक्षरांत इंग्लिशमध्ये लिहिलं, ‘मला तीनदा विचारा.’ पहिल्या संध्याकाळी जेवण घेऊन आलेली मुलगी फळा वाचून गोंधळली. पण काकूंनी सूप नको म्हटल्यावर तिने खरंच तीनदा विचारलं आणि काकूंनी वाडगा रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीची रजा कधी असते ते काकूंना पाठ झालं.

शनिवारी मुलगा आला. आईला मिठी मारली, मग फळा वाचला आणि मला बाहेर नेऊन विचारलं, की हे काय आहे? मी सगळं रंगवून सांगितलं. लाल दाढीवाला, बूट, कॉरिडॉरमधलं माझं भाषण. मी हसत होते. तो हसला नाही. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर तो बसला.

"बाबा गेले तेव्हा मी तिला विचारलं होतं," तो म्हणाला. "शी सेड नो. अँड आय रिस्पेक्टेड दॅट. एवढी वर्षं मी रिस्पेक्ट केलं."

मी त्याला सांगू लागले, की अरे, तसं नसेल, तुझी आई खमकी आहे, तिला तिचं घर हवं आहे. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. व्हॅनमधलं त्यांचं वाक्य आठवलं.

तो आत गेला. दार उघडंच होतं. मी बाकावरून उठायला हवं होतं, पण उठले नाही. तो म्हणाला, आई, आमच्याकडे राहायला चल. काकू म्हणाल्या, नको रे, तुमचं तुमचं चालू दे. मग त्याने पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, मी कशाला मध्ये? त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा तो निव्वळ मराठीत बोलला, अडखळत, शब्द जुळवत. "आई, मला तू हवी आहेस घरात. चल."

मग काकूंचा आवाज आला, अगदी साधा.

"तुमच्याकडे मागे ऊन येतं का रे? सांडगे घालायला?"

"टेक्सास आहे, आई," तो म्हणाला. "ऊनच ऊन आहे."

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि रडले. आनंद होता, नाही असं नाही. पण मी ज्यासाठी सगळ्यांशी भांडले होते ते काकूंनी आपल्या पायांनी घरी यावं म्हणून, आणि ते घर माझ्यापासून दहा मिनिटांवर होतं.

त्या पायांनीच घरी आल्या. काही आठवड्यांनी, आधी वॉकर, मग काठी. रिहॅबमधून निघताना त्या दही-भात करणाऱ्या बाईला सांडग्यांची पिशवी देऊन आल्या, आणि तळायचे कसे ते तिला तीनदा समजावलं. घर विकायला काढलं होतं. पानगळ सुरू झाली होती. मी रोज संध्याकाळी जाऊन आवराआवर करू लागले. भांडी, काकांची पुस्तकं, मुलाच्या लहानपणीची सायकल. अर्धं देऊन टाकलं. काकू खुर्चीत बसून हे ठेव, हे दे असं सांगायच्या आणि मध्येच एखाद्या डब्याची गोष्ट सांगत बसायच्या. किती माणसं त्या किचनमध्ये पहिल्यांदा जेवली असतील, त्याचा हिशेब आम्ही दोघींनी एकदा मांडायला घेतला आणि सोडून दिला.

शेवटच्या दिवशी फक्त पोळपाट-लाटणं उरलं होतं. सकाळी त्यांनी पोळ्या लाटल्या होत्या, मला जबरदस्तीने दोन जास्तीच्या खायला लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलगा न्यायला येणार होता. ओटा पुसून झाला होता. मी विचार न करता बोलून गेले.

"काकू, राहा ना इथेच. आमच्याकडे राहा. खालची खोली रिकामीच आहे."

"नको गं," त्या म्हणाल्या.

"खरंच सांगते. राहा."

"कशाला गं, तुझा संसार आहे."

आणि त्या थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या घरचा कायदा मला वीस वर्षांपासून पाठ होता. अजून एकदा विचारलं असतं, तर काय उत्तर आलं असतं मला माहीत नाही. पण प्लेनोला त्यांच्या लेकाने खोलीला रंग दिला होता, मागच्या अंगणात वाळवणाला टेबल आणून ठेवलं होतं. तो तिसऱ्यांदा विचारायला इतक्या वर्षांनी शिकला होता.

शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी खाली बसले, आणि पोळपाट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला.